वेबसाइटवर अचानक गर्दी उसळली तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाहिरात झळकते, निकाल लागतो, तिकीटविक्री खुली होते किंवा लाखो लोक ज्याचं ऐकतात असा कुणीतरी तुमची लिंक शेअर करतो. पुढच्या काही मिनिटांत नेहमीच्या कितीतरी पट लोक येतात, आणि नेमकी तेव्हाच साइट उघडत नाही. छोट्या-मध्यम साइट सांभाळणाऱ्या मंडळींचे याबद्दलचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. आमचं मत आधीच सांगून टाकतो: सर्व्हर वाढवण्याआधी प्रत्येक रिक्वेस्टमागचं, म्हणजे ब्राउझर सर्व्हरकडे करतो त्या प्रत्येक मागणीमागचं, काम कमी करा.

## गर्दी थोडीच वाढली होती, तरी साइट एकदम कशी बसली?

कारण गर्दी आणि वेग यांचं नातं सरळ नाही. समजा, एक पान तयार करायला सर्व्हरला १०० मिलिसेकंद लागतात. रिक्वेस्ट काही ठरावीक अंतराने येत नाहीत; कधी पाच एकदम, कधी एकही नाही. त्यामुळे रांग लागते. रांगेच्या अगदी साध्या गणितानुसार सर्व्हर ५० टक्के व्यग्र असेल, तर सरासरी २०० मिलिसेकंद लागतात. ८० टक्क्यांवर हाच आकडा ५०० होतो, ९० टक्क्यांवर एक सेकंद आणि ९५ टक्क्यांवर दोन सेकंद. ८० वरून ९५ वर जायला गर्दी जेमतेम पाचव्या हिश्शाने वाढावी लागते, पण लागणारा वेळ चौपट होतो.

पुढचं नुकसान रिफ्रेश करतं. पान उघडेना म्हटल्यावर माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबतो. त्याची आधीची रिक्वेस्ट सर्व्हरवर बहुतेक वेळा चालूच असते. उत्तर घ्यायला कुणी नसलं तरी डेटाबेसला काम लागतंच. एका माणसाचा भार असा तिप्पट-चौपट होतो. म्हणून एकदा बसलेली साइट मूळ गर्दी ओसरल्यावरही लवकर उठत नाही.

## नेमकी किती गर्दी धरून तयारी करायची?

‘एका वेळी दहा हजार लोक’ या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्यातले किती जण नुसते वाचत बसलेत आणि किती जण क्लिक करताहेत, हे त्यात कळत नाही. सेकंदाला किती रिक्वेस्ट, हे काढा.

हिशेब करून बघू. पहिल्या पाच मिनिटांत १०,००० लोक येतील आणि प्रत्येक जण चार पानं उघडेल असं धरा. ४०,००० पानं, ३०० सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे १३३. पण लोक पाच मिनिटांत सारखे वाटले जात नाहीत. घड्याळाचा काटा जुळताच बहुतेक जण पहिल्याच मिनिटात तुटून पडतात. तिप्पट धरून ४०० घेऊ. आता एका पानाला सर्व्हरवर पाव सेकंद लागत असेल, तर कुठल्याही क्षणी ४०० गुणिले ०.२५, म्हणजे १०० रिक्वेस्ट सर्व्हरच्या हातात असतील. तेच पान दोन सेकंद घेत असेल, तर ८००. लोक तेवढेच, सर्व्हर तोच, पण पान मंद असल्याने ओझं आठपट. या गुणाकाराला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता १९६१ मध्ये मांडली. कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत होणारा हा हिशेब तयारीच्या अगदी सुरुवातीला करावा, कारण त्यानंतरच्या खर्चाचे सगळे निर्णय त्यावर उभे राहतात.

## मोठा सर्व्हर घेतला की काम झालं ना?

कधी कधी होतं. पण अडकतं ते बहुधा डेटाबेसमध्ये, आणि तिथे आणखी वेब सर्व्हर जोडले तर उलट गर्दीच वाढते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मुळात एका वेळी १०० कनेक्शनची मर्यादा असते, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये १५१. तुमच्या प्रत्येक वेब सर्व्हरने २० कनेक्शन धरून ठेवली असतील, तर दहा सर्व्हर उभे केल्याबरोबर २०० कनेक्शन मागितली जातात आणि ‘टू मेनी कनेक्शन्स’चे एरर सुरू होतात. मर्यादा एकदम हजारावर नेणं हा उपाय नव्हे. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस चालवतं. मेमरी जाते आणि सगळ्याच क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) मंदावतात. मध्ये पीजीबाउन्सरसारखा कनेक्शन पूलर ठेवा, म्हणजे मोजकी कनेक्शनं आळीपाळीने वापरली जातील.

त्याच्याही आधी स्लो क्वेरी लॉग, म्हणजे मंद क्वेऱ्यांची नोंदवही, उघडा. एखादा इंडेक्स (नोंद चटकन सापडावी म्हणून केलेली सूची) राहून गेलेला असतो, किंवा यादीतल्या ५० वस्तूंसाठी ५० वेगळ्या क्वेऱ्या चाललेल्या असतात. रोजच्या वापरात हे कुणाच्या लक्षात येत नाही. एक इंडेक्स टाकून जे साधतं, ते कित्येकदा दुप्पट भाड्याच्या सर्व्हरनेही साधत नाही.

## आमच्याकडे ऑटोस्केलिंग आहे. मग काळजी कशाला?

ऑटोस्केलिंग, म्हणजे भार पाहून सर्व्हर आपोआप वाढवणं, हळूहळू चढणाऱ्या गर्दीसाठी उत्तम. ठरल्या मिनिटाला कोसळणाऱ्या गर्दीत ते उशिरा पोचतं. आधी सीपीयूचा आकडा वर जायला हवा, तो काही वेळ वर राहायला हवा, मग नवं मशीन सुरू होणार, ॲप चढणार, हेल्थ चेक होणार, आणि तेव्हा कुठे रिक्वेस्ट वाटून देणारा लोड बॅलन्सर त्याच्याकडे लोक पाठवणार. यात काही मिनिटं सहज जातात.

वेळ आधीच माहीत असेल, तर तासभर आधी हाताने सर्व्हर वाढवून ठेवा. शिवाय दोन मर्यादा तपासा: ऑटोस्केलिंगमध्ये तुम्हीच घातलेला कमाल आकडा आणि क्लाउड कंपनीने तुमच्या खात्याला घातलेला कोटा. दुसरा वाढवून मिळायला अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागू शकतो.

## कॅशिंग करा असं सगळेच सांगतात. म्हणजे नक्की काय करायचं?

ज्या पानाचं उत्तर सगळ्यांना सारखंच आहे, ते एकदाच तयार करून ठेवायचं आणि सगळ्यांना तेच द्यायचं. मुखपृष्ठ, बातमी, वस्तूची माहिती, निकालाची सूचना, चित्रं, सीएसएस, जावास्क्रिप्ट. जमेल तेवढं सीडीएनकडे (ठिकठिकाणच्या सर्व्हरवर प्रती ठेवून तिथूनच देणाऱ्या सेवेकडे) द्यावं, म्हणजे रिक्वेस्ट तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचणारच नाही.

‘आमचं पान सारखं बदलतं, कॅश कसं करणार?’ असं अनेकांना वाटतं. त्यांनी एका सेकंदाची कॅश लावून बघावी. वरच्या हिशेबातल्या सेकंदाला ४०० रिक्वेस्टपैकी मग एकच तुमच्या ॲपपर्यंत जाते, आणि वाचकाला मिळालेली माहिती फार तर एक सेकंद जुनी असते. एवढा जुनेपणा बहुतेक पानांना चालतो.

सीडीएन लावूनही कॅश लागू होत नाही, याची दोन कारणं सारखी दिसतात. पहिलं म्हणजे कुकी, ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी ओळखचिठ्ठी. ॲप प्रत्येक पाहुण्याला, त्याने लॉगिन केलेलं नसतानाही, सेशनची कुकी देतं आणि कुकी दिसली की बऱ्याच कॅश ते पान साठवतच नाहीत. दुसरं कारण लिंकच्या शेपटीत असतं. जाहिरातीतून आणि सोशल मीडियावरून येणाऱ्या लिंकमागे यूटीएम, एफबीसीएलआयडी असे, वाचक कुठून आला ते सांगणारे पॅरामीटर चिकटलेले असतात. एफबीसीएलआयडी तर क्लिकगणिक वेगळा. कॅशला प्रत्येक लिंक म्हणजे नवं पान वाटतं आणि ती दर वेळी तुमच्या सर्व्हरकडे धाव घेते. म्हणजे गर्दी जिथून येणार, तिथेच कॅश निकामी. सीडीएनच्या सेटिंगमध्ये हे पॅरामीटर कॅशच्या हिशेबातून वगळता येतात. पाच मिनिटांचं काम आहे. जाहिरात सुरू होण्याआधी करून टाका.

एक सावधगिरी मात्र हवीच. ज्या पानावर कुणाचं नाव, पत्ता किंवा ऑर्डर दिसते, ते सामायिक कॅशमध्ये जाता कामा नये. एकाचं खातं दुसऱ्याला दिसणं हे साइट बंद पडण्यापेक्षा कितीतरी वाईट.

## कॅश होती, तरी साइट पडली. असं कसं?

कॅशची मुदत संपण्याचा क्षण धोक्याचा असतो. लोकप्रिय पानाची प्रत बाद झाली आणि त्याच क्षणी शंभर जणांनी ते मागितलं, तर शंभर प्रोसेस तेच पान नव्याने बनवायला बसतात.

याचं गाजलेलं उदाहरण विकिपीडियाचं. २५ जून २००९ रोजी मायकेल जॅक्सन यांचं निधन झालं. त्यांचा लेख वाचायला प्रचंड लोक आले, आणि त्याच वेळी लेखात सारखी संपादनंही चालू होती. प्रत्येक संपादनाबरोबर कॅशमधली प्रत बाद व्हायची. लेख मोठा, संदर्भांनी भरलेला, त्यामुळे तो नव्याने मांडायला बराच वेळ लागायचा. तेवढ्यात असंख्य प्रोसेस त्याच कामाला लागायच्या. हा अनुभव जमेस धरून विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरसाठी ‘पूलकाउंटर’ नावाची सोय तयार झाली. पान बनवायचं काम मोजक्याच प्रोसेस करतात, बाकीच्या थांबतात, आणि थांबणं शक्य नसेल तर जुनी प्रत दाखवता येते.

तुम्हाला यासाठी नवं काही लिहावं लागणार नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ‘प्रॉक्सी कॅश लॉक’ सुरू केलं की एका पानासाठी एकच रिक्वेस्ट मागे जाते. ‘प्रॉक्सी कॅश यूज स्टेल’ने मागचा सर्व्हर अडखळला तरी जुनी प्रत देता येते. कॅश-कंट्रोल हेडरमध्ये (पानासोबत जाणाऱ्या सूचनेत) ‘स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट’ हाच विचार ब्राउझर आणि सीडीएनला सांगतं. शिवाय सगळ्या पानांची मुदत एकाच क्षणी संपू देऊ नका. प्रत्येकीत थोडा फरक ठेवा.

## लॉगिन, कार्ट, फॉर्म यांना कॅश चालत नाही. तिथे काय करायचं?

जिथे लॉगिनची गरज नाही, तिथून ते काढून टाका. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत आरोग्यविम्याची हेल्थकेअर डॉट गव्ह ही सरकारी साइट सुरू झाली. विमायोजना नुसत्या पाहायच्या असल्या तरी आधी खातं उघडावं लागत होतं. नुसतं बघायला आलेले लोकही खातं उघडण्याच्या पानावर जमले आणि साइट तिथेच अडकली. पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची विमानोंदणी पूर्ण झाली. साइटच्या इतरही अडचणी होत्या, पण सगळ्या गर्दीला एकाच अरुंद दारातून आत घेण्याचा निर्णय त्यातला मोठा होता.

लॉगिन महागही असतं. पासवर्ड तपासणारे बीक्रिप्टसारखे अल्गोरिदम मुद्दाम मंद ठेवलेले असतात, म्हणजे चोराला पासवर्डचे अंदाज भराभर मारता येऊ नयेत. हजारो लोक एकदम लॉगिन करू लागले की त्यातच सीपीयू खर्ची पडतो. यावर पासवर्डची सुरक्षा कमी करू नका. आदल्या दिवशी लॉगिन केलेल्यांची सेशन टिकू द्या, आणि नेमक्या त्या सकाळी सगळ्यांना लॉगआउट करणारा बदल चढवू नका.

ऑर्डर किंवा अर्ज घेताना तेवढंच काम त्या क्षणी करा, ज्याशिवाय पुढे जाता येत नाही. ईमेल, एसएमएस, पावतीची पीडीएफ हे सगळं मागच्या रांगेत टाका. दोन मिनिटं उशिरा गेलं तरी चालतं. एकाच वस्तूचा साठा सगळे जण एकदम कमी करत असतील, तर डेटाबेसमधली ती एक ओळ लॉक होते आणि सगळे तिच्यापाशी ताटकळतात. म्हणून तो ट्रान्झॅक्शन शक्य तितका छोटा ठेवा, आणि त्याच्या पोटात पेमेंट गेटवेला कॉल तर कधीच करू नका. प्रत्येक अर्जाला आधीच एक अनन्य क्रमांक द्या, म्हणजे ‘सबमिट’ तीनदा दाबलं तरी नोंद एकच होईल आणि पैसे एकदाच कापले जातील. घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबणाऱ्या माणसाचे पैसे सुरक्षित राहणं ही आपली जबाबदारी आहे.

## साइट वर्डप्रेसवर आहे. सुरुवात कुठून करू?

पेज कॅश प्लगिन लावा, कार्ट आणि चेकआउटची पानं त्यातून वगळा. मग पीएचपी-एफपीएमची (वर्डप्रेसची पानं बनवणाऱ्या प्रोसेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) ‘मॅक्स चिल्ड्रन’ ही सेटिंग पाहा. मूळ फाइलमध्ये ती ५ असते, म्हणजे एका वेळी पाचच पानं तयार होणार. अंदाजाने आकडा वाढवू नका. पीएचपीसाठी २ जीबी मेमरी मोकळी असेल आणि एक प्रोसेस ८० एमबी घेत असेल, तर २५ च्या आसपास थांबा. त्यापुढे सर्व्हर स्वॅपमध्ये जाईल, म्हणजे मेमरीऐवजी मंद डिस्क वापरू लागेल, आणि होतं तेही काम थांबेल.

वर्डप्रेसचा क्रॉन (ठरलेल्या वेळची कामं आपोआप चालवणारी सोय) कुणी पान उघडलं की तपासला जातो. तो बंद करून सर्व्हरच्या क्रॉनवर टाका.

## लोड टेस्ट कशी घ्यावी?

लोड टेस्ट म्हणजे मुद्दाम कृत्रिम गर्दी पाठवून पाहणं. त्यासाठी केसिक्स, जेमीटर, लोकस्ट या साधनांपैकी जे हाताला बसेल ते घ्या. साधनापेक्षा टेस्टमध्ये काय घालता ते महत्त्वाचं. एकट्या मुखपृष्ठावर मारा करून ‘पाच हजार झेपले’ म्हणणं फसवं आहे, कारण ते कॅशमधून आलं. खरा माणूस शोधतो, गाळण्या लावतो, कार्टमध्ये टाकतो, मागे जातो. तेच प्रमाण टेस्टमध्ये ठेवा. डेटाबेसमध्येही खऱ्याइतक्या नोंदी हव्यात. हजार ओळींवर पळणारी क्वेरी पन्नास लाखांवर रांगते.

आणखी एक चूक फार आढळते. ५०० आभासी वापरकर्ते घेतले आणि प्रत्येक जण उत्तर मिळेपर्यंत थांबून मग पुढची रिक्वेस्ट पाठवत असेल, तर सर्व्हर मंदावताच टेस्टही आपोआप मंदावते. खरी गर्दी असं सांभाळून घेत नाही. नवे लोक येतच राहतात. म्हणून सेकंदाला अमुक रिक्वेस्ट असा ठरावीक येण्याचा दर देऊन टेस्ट घ्या. केसिक्समध्ये त्याची सोय आहे.

सरासरी वेळ पाहू नका, ९५वा आणि ९९वा पर्सेंटाइल पाहा. ९५वा पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या ९५ रिक्वेस्ट ज्याच्या आत पूर्ण होतात तो वेळ. टेस्ट साइट मोडेपर्यंत न्या. किती रिक्वेस्टला मोडते, आधी काय मोडतं, आणि भार काढल्यावर ती आपोआप सावरते का, हे कळायला हवं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी तेच दुरुस्त करा. होस्टिंगवाल्यांना आगाऊ कळवा, आणि पेमेंट किंवा एसएमएसच्या खऱ्या सेवांवर भार टाकू नका. तिथे नकली सेवा जोडा.

## बाहेरच्या सेवा मंदावल्या तर आपण काय करणार?

टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची कमाल मुदत, लावायचा. पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररीत आपण दिल्याशिवाय टाइमआउट नसतोच. बाहेरची सेवा गप्प बसली की आपली प्रोसेसही बसून राहते, आणि थोड्याच वेळात सगळ्याच अडकतात. नकाशा, शिफारशी, चॅटची खिडकी यांच्यासाठी एक-दोन सेकंद पुरेत. उत्तर आलं नाही तर ती जागा रिकामी ठेवून पान दाखवा. पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर दर वेळी अंतर वाढवा आणि त्यात थोडी यादृच्छिकता मिसळा, नाहीतर सगळे क्लायंट एकाच ठोक्याला परत येतात.

## ही गर्दी आपणच ओढवून घेत नाही ना?

पुष्कळदा तसंच असतं. सगळ्या सदस्यांना एकाच सेकंदाला पुश नोटिफिकेशन पाठवलं, की ते एकाच मिनिटात साइटवर येतात. तेच संदेश वीस मिनिटांत टप्प्याटप्प्याने पाठवले, तर कुणाचंही बिघडत नाही आणि शिखर कितीतरी खाली येतं. मार्केटिंगचं वेळापत्रक तांत्रिक टीमला आदल्या आठवड्यात कळलं पाहिजे. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

## क्षमता संपलीच, तर?

काय बंद करायचं हे आधीच ठरवलेलं असावं. शिफारशी, ‘तुम्ही आधी पाहिलेलं’, मोठे रिपोर्ट, साइटवरचा शोध. प्रत्येकाला वेगळं बटण हवं आणि ते दाबून पाहिलेलं हवं.

त्यानंतरही झेपत नसेल, तर काही लोकांना सभ्यपणे थांबवा. सगळ्यांना अर्धवट पान देण्यापेक्षा झेपतील तेवढ्यांचं काम पुरं करणं केव्हाही बरं. ५०३ (‘सेवा सध्या उपलब्ध नाही’) हा प्रतिसाद आणि सोबत पुन्हा कधी यायचं ते सांगणारं ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर द्या. साइट तात्पुरती बंद आहे हे सर्च इंजिनलाही कळतं. ते पान डेटाबेसशिवाय उघडणारं, साधं एचटीएमएल असावं. एकच क्लायंट अति रिक्वेस्ट करत असेल तर त्याला ४२९ (‘फार जास्त रिक्वेस्ट’). तिकीटविक्रीसारख्या कामाला प्रतीक्षा कक्ष लावा, त्यात रांगेतला क्रमांक दाखवा, आणि रिफ्रेश केल्याने तो जाणार नाही याची खात्री करा. कार्ट भरून पैसे भरण्यापर्यंत आलेल्याला मात्र पुन्हा रांगेत उभं करू नका.

## खरी गर्दी आहे की हल्ला, कसं ओळखायचं?

खरी माणसं पानाबरोबर चित्रं आणि सीएसएसही मागतात, वेगवेगळ्या ब्राउझरमधून येतात, आणि कुठून आली ते बहुधा सापडतं: एखादी पोस्ट, एखादी बातमी. हल्ल्यात कॅश न होणारी एकच लिंक, एकाच धाटणीच्या रिक्वेस्ट दिसतात. पण खात्री करूनच हात उचला. जॅक्सन यांच्या निधनाच्या दिवशी गूगललाही ते शोध सुरुवातीला हल्ल्यासारखे वाटले होते. आयपी पत्त्यावरून अडवताना हेही ध्यानात ठेवा की मोबाइल नेटवर्कवर एकाच आयपीमागे हजारो ग्राहक असू शकतात.

## प्रत्यक्ष त्या तासात काय करायचं?

नवं काही चढवायचं नाही. निर्णय कुणी घ्यायचा ते एकाच माणसाकडे द्या. ९५वा पर्सेंटाइल, एररचं प्रमाण, डेटाबेसची कनेक्शनं, मागच्या रांगेची लांबी आणि डिस्कवरची जागा, एवढे आकडे समोर ठेवा. डिस्कचा विसर पडतो, आणि गर्दीत लॉग भराभर फुगतात.

सगळं रिस्टार्ट करायचा मोह आवरा. मेमरीतली कॅश रिकामी होते, सगळी कनेक्शनं एकदम नव्याने जोडू पाहतात आणि साइट उठल्या उठल्या पुन्हा बसते. करायचंच असेल तर एकेक सर्व्हर, आणि समोरची गर्दी थोडी अडवून.

## हातात एकच दिवस आहे. काय करू?

मुख्य पान सीडीएनवर कॅश करा, लिंकच्या शेपटीचे पॅरामीटर वगळा. सर्वांत मंद तीन क्वेऱ्या शोधून सुधारा. चित्रं लहान करा. सर्व्हर आधीच वाढवून ठेवा. ५०३ चं साधं पान तयार ठेवा. बॅकअप आणि रिपोर्टची रात्रीची कामं त्या वेळेवर येत नाहीत ना, ते बघा. नवा डेटाबेस, नवी होस्टिंग, नवी रचना यांपैकी कशालाही आज हात लावू नका.

## गर्दी ओसरल्यावर लगेच आवरतं घ्यावं का?

सर्व्हर टप्प्याटप्प्याने कमी करा. दुसरी लाट येऊ शकते. लॉग आणि आलेख रोटेशनमध्ये पुसले जाण्याआधी वेगळे साठवा, पुढचा हिशेब त्यावरूनच होणार आहे. पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदली नाही, अशा व्यवहारांची गेटवेच्या यादीशी त्याच दिवशी ताडपडताळणी करा आणि ग्राहकाने विचारायची वाट न पाहता त्याला कळवा. मागच्या रांगेत तुंबलेले ईमेल गेले का ते बघा. बंद केलेल्या सोयी पुन्हा चालू करा.